परग्रहवासी आणि सिंदेवाहीचे पोलीस ठाणे

परग्रहावरच्या लोकांनी पळवून नेलेल्या माणसांमध्ये आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा एकही माणूस नाही, ही गोष्ट मला बरेच दिवस खटकते आहे. अमेरिकेत अशी माणसे राज्याराज्यांत आहेत. ब्राझीलमध्ये आहेत, इंग्लंडमध्ये आहेत; रशियात तर एका प्रजासत्ताकाचा अध्यक्षच त्यांत निघाला. आमच्याकडे शून्य. निदान माझ्या कानावर तरी एकही नाव आलेले नाही. विदर्भाचा अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते मोजले, सिंचन मोजले; पण आकाशातून होणाऱ्या अपहरणांचा रकाना तेव्हाही राहून गेला, आणि त्यानंतर कोणा आमदाराने त्यावर विधानसभेत लक्षवेधीही लावली नाही.

बरे, पात्रतेत आपण कमी पडतो म्हणावे तर तसेही नाही. या मंडळींना म्हणे अंधार लागतो, निर्मनुष्य रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना दाट झाडी लागते आणि ओरडलो तरी ऐकायला कोणी जवळ नसावे लागते. गडचिरोली जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जंगलाखाली आहे. रात्री आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलात की पुढचा दिवा कधी दिसेल ते तुमच्या नशिबावर. मोबाइलची रेंज गेली की ती परत येईपर्यंत माणूस तसाही या जगात नसल्यासारखाच असतो. यान उतरवायला धान कापलेल्या बांध्या आहेत, तलावांचे कोरडे पोट आहे. इतक्या सोयी असताना हे लोक सारखे अमेरिकेला का जातात?

या संप्रदायाचे आद्यपीठ न्यू हॅम्पशायर. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री बेटी आणि बार्नी हिल हे जोडपे कॅनडातली सुट्टी आटोपून मोटारीने घरी निघाले होते. बार्नी टपाल खात्यात, बेटी समाजकल्याणाच्या कामात. म्हणजे दोघेही पगारदार, पापभीरू माणसे. वाटेत आकाशात एक दिवा दिसला. तो गाडीच्या मागे लागलाय असे वाटू लागले. घरी पोचल्यावर हिशेब केला तेव्हा प्रवासाला हवे होते त्यापेक्षा दोनेक तास जास्त गेलेले. दोघांचीही मनगटी घड्याळे बंद. पुढे बेटीला स्वप्ने पडू लागली. १९६४ मध्ये बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहित केले आणि ते हरवलेले तास बाहेर आले: यानात नेले, टेबलावर निजवले, नखांचे-केसांचे नमुने घेतले, बेटीच्या बेंबीत लांब सुई घातली आणि परत आणून सोडले. १९६६ मध्ये जॉन फुलर यांचे या प्रकरणावरचे पुस्तक निघाले आणि पळवून नेण्याची रीत कायमची ठरून गेली. त्यानंतर जो जो गेला, तो साधारण याच टेबलावर निजून आला.

खुद्द डॉ. सायमन यांचे मत मात्र असे होते की बार्नीची कथा बेटीच्या स्वप्नांवर पोसलेली आहे. बार्नीने संमोहनात ज्या विचित्र, कानाकडे वळलेल्या डोळ्यांचे वर्णन केले, तशाच डोळ्यांचा परग्रहवासी त्याआधी बाराच दिवस अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेत येऊन गेला होता, हेही पुढे एका चिकित्सकाने शोधून काढले. टीव्ही बंद करून माणूस झोपतो. टीव्ही झोपत नाही.

घड्याळ बंद पडण्याचे आम्हाला एवढे अप्रूप वाटले नसते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी लोंबी लोंबी निवडून धानाचे नवे वाण काढले आणि त्याला एचएमटी घड्याळाचे नाव दिले. तेव्हापासून आमच्याकडे घड्याळ बांधीत पिकते आणि वरणासोबत ताटात येते. आणि हरवलेले तास म्हणाल तर ती इकडची हंगामी बाब आहे. दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या झाडीपट्टीत फिरू लागतात. दिवसा मंडई नाहीतर शंकरपट, रात्री नाटक. पडदा वर जातो तो गावाची जेवणे उरकल्यावर आणि खाली येतो तो कोंबडे आरवल्यावर. सकाळी माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या अंगावर धूळ असते, डोळे तांबडे असतात, चालणे किंचित तिरके असते आणि रात्र कुठे गेली याचे त्याला नीट उत्तर देता येत नाही. बेटी-बार्नीच्या सगळ्या खुणा पटतात. फरक इतकाच की आमच्या घरात संमोहनाची गरज पडत नाही. "कोणतं नाटक होतं जी?" एवढे बायकोने विचारले की सगळे आपोआप आठवते.

आमच्या दृष्टीने जास्त जवळचा माणूस म्हणजे ट्रॅव्हिस वॉल्टन. हा अॅरिझोनातला लाकूडतोड्या. ५ नोव्हेंबर १९७५ च्या संध्याकाळी जंगलातले काम संपवून सात जणांची टोळी गाडीने परतत होती. झाडांवर एक प्रकाश तरंगताना दिसला, वॉल्टन उतरून त्याच्याकडे गेला, झोत आला, तो कोसळला आणि बाकीचे सहा जण पळाले. पाच दिवसांनी वॉल्टन परत आला आणि यानातल्या मोठ्या डोळ्यांच्या माणसांची हकीकत सांगू लागला. हिल दांपत्यावरचा चित्रपट टीव्हीवर दाखवून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते, असे शंका घेणारे सांगतात. वॉल्टनने आपले म्हणणे कधी सोडले नाही. १९९३ मध्ये त्याच्यावरही चित्रपट निघाला.

आता हीच टोळी आलापल्लीच्या सागवानात कामाला होती असे समजा. संध्याकाळी सातांपैकी सहा जण धापा टाकत गावात आले आणि म्हणाले, "दिवा आला अन् गड्याला घेऊन गेला." माझी खात्री आहे की 'दिवा' कोणाच्या कानात शिरलाच नसता. अर्धे गाव काठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघाले असते, वनरक्षकाला निरोप गेला असता आणि सगळ्यांची नजर खाली, मातीवर, पंजाचा ठसा शोधत गेली असती. वर कोणी पाहिलेच नसते.

इथे माझ्या खटकण्याचे उत्तर मला सापडू लागते. आमच्याकडे माणूस संध्याकाळी घरी आला नाही तर त्याची कारणे गावाला आधीच माहीत असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. बाया पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन झाडाखाली वाकून वेचत असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत वाघाने नेलेल्यांची आठवण नसलेले गाव शोधावे लागेल. ताडोबाच्या तलावाकाठी ज्या तारूचे देवस्थान आहे, तो गोंड गावप्रमुखही वाघाशी झुंजताना गेला असेच सांगतात. त्याच्याच नावाने ते जंगल आज जगभर ओळखले जाते. आणि गडचिरोलीत तर कैक वर्षे रात्री नक्षलवाद्यांची दारावर थाप पडायची, नाव पुकारले जायचे आणि घरातला माणूस जंगलाकडे चालवत नेला जायचा. काही परत आले. काही सकाळी रस्त्यावर सापडले, छातीवर चिठ्ठी ठेवलेले. त्या घरांपुढे बसून यानाच्या गोष्टी सांगायची कोणाची छाती होणार? ज्याला जमिनीवरच इतके नेणारे आहेत, त्याला आकाशाकडे पाहून भ्यायला सवड मिळत नाही.

भीतीला तिची हौस भागवायला जागा मात्र लागतेच. ती आम्ही चकव्याला दिली आहे. जंगलात रोजच्या पायवाटेने निघालेला माणूस रात्रभर चालतो, चालतो आणि पहाटे पाहतो तर ज्या बेहड्याखालून निघाला त्याच बेहड्याखाली उभा. त्याला चकवा लागला. पलीकडे छत्तीसगडात याचा दोष भूलन कांद्यावर ठेवतात. त्या रोपावर पाय पडला की वाट भुलते. आमचे एक मामा वनखात्यात वनरक्षक होते. त्यांचा उपाय साधा होता. "चकवा लागला ना बाबू, तर बसून जायचं. बिडी पेटवायची. उजेड होईस्तोवर उठायचंच नाही. चकव्याले चालणारा माणूस पाहिजे, बसलेला नाही पाहिजे."

मामांचे हे शास्त्र जर्मनीत तपासून झाले आहे. ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान सोउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडले, सरळ चालत राहायला सांगितले आणि जीपीएसने त्यांची वाट काढली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकोळले की तीच माणसे गोल गोल फिरू लागली, आपलीच वाट ओलांडू लागली, आणि त्यांचा समज मात्र आपण नाकासमोर चाललो आहोत असाच. डोळे बांधले तेव्हा तर काही जण वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरले. म्हणजे चकव्याला बाहेरचा कोणी लागत नाही. तो आपल्या पायांतच असतो, फक्त आकाश झाकले जाण्याची वाट पाहत असतो.

आपल्या आतलाच दुसरा चोर रात्री छातीवर बसतो. मध्यरात्री जाग येते, डोळे उघडे, खोली ओळखीची, पण हात हलत नाही, हाक निघत नाही, आणि कोपऱ्यात कोणीतरी उभे आहे याची खात्री असते. आमच्याकडे म्हणतात मुंजा बसला. जपानात याला वेगळे नाव आहे, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर ती एक म्हातारी चेटकीण आहे. शरीरशास्त्राचे म्हणणे असे की स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंची दोरी सैल सोडतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून पडेल; कधीकधी मन आधी जागे होते आणि शरीर थोडे मागाहून. तेवढ्या काही क्षणांत अर्धे स्वप्न डोळ्यांपुढे तरळत राहते. जागरण झालेले असले, उताणे झोपलेले असले की हे जास्त होते. हार्वर्डच्या सुसान क्लॅन्सी यांनी आपल्याला परग्रहवासीयांनी नेले होते असे सांगणाऱ्या लोकांना भेटून, त्यांच्याशी बोलून २००५ मध्ये पुस्तक लिहिले. ही माणसे वेडी नव्हती, खोटारडीही नव्हती. अनेकांची कथा अशाच एका रात्रीपासून सुरू झालेली होती. रात्रीला कारण हवे होते. कारण टीव्हीवर, पुस्तकांत तयार होते. आणि संमोहन करणाऱ्याने मदत केली की त्या कारणाला हातपाय फुटत.

क्लॅन्सी यांच्या पुस्तकातली एक गोष्ट मला फार मानवी वाटते. हे घडलेच नसते तर बरे झाले असते का, असे विचारल्यावर त्या लोकांनी नाही म्हटले. भीती वाटली, सुया टोचल्या, अपमान झाला. पण इतक्या दुरून कोणीतरी आपल्यासाठी आले होते ना! अफाट विश्वात कोणाला तरी आपले नखही नमुना म्हणून ठेवावेसे वाटले. या मोहाला मी हसू शकत नाही. आमच्या दुर्गम भागात तर ज्याला त्याला वाटेल की यावे बाबा. दुसऱ्या ताऱ्यावरून डॉक्टर स्वतःहून येतो, टेबल सोबत आणतो, फुकट तपासतो, रात्रपाळी करतो आणि बदलीसाठी अर्जही करत नाही! न्यायला-आणायला वाहनाची सोय त्याचीच.

पण मोठेपणाची आमची कल्पना जरा वेगळी आहे. मराठी माणसाच्या मनात आकाशात जाणे हा मान आहे. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, मुक्ताबाई विजेच्या लोळात गुप्त झाल्या. तिथून परत कोणी पाठवले नाही आणि रक्त-लघवी तपासायचा प्रश्नच आला नाही. त्यामुळे नेऊन, टोचून, पुन्हा शेतात आणून टाकणे हा पाहुणचार आमच्या पचनी पडत नाही. रशियातल्या काल्मीकिया प्रजासत्ताकाचे अध्यक्ष किरसान इल्युमझिनोव्ह यांनी जाहीर सांगितले की १९९७ मध्ये पिवळ्या पोशाखातले लोक मॉस्कोतल्या घरातून त्यांना यानात घेऊन गेले होते. तेच जागतिक बुद्धिबळ महासंघाचेही अध्यक्ष होते आणि पुढे २०१८ पर्यंत राहिले. आमच्याकडे एखाद्या सरपंचाने असे सांगून पाहावे. आठ दिवसांत अविश्वास ठराव येईल आणि तहसीलदार मतदान घ्यायला हजर होतील. फ्लोरिडात एका विमा एजंटाने तर १९८७ पासून परग्रहवासीयांनी पळवल्यास एक कोटी डॉलर देणारी पॉलिसी विकली. रक्कम वर्षाला एक डॉलर या हप्त्याने, मरेपर्यंत किंवा एक कोटी वर्षे, जे आधी होईल ते. आमच्या इकडे वाघाने नेल्यास शासन भरपाई देते, पण पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला पंच लागतात. यानाच्या आत पंच कुठून आणायचे?

आणि मग २ एप्रिल २०२२ ला, शनिवारी, आकाश खरोखर आमच्याकडे आले.

गुढीपाडवा होता. रात्री पावणेआठच्या सुमारास वायव्येकडून आग्नेयेकडे आगीच्या रेघांचा एक झुबका निघाला. मध्य प्रदेशातल्या लोकांनी पाहिला, जळगाव, अकोला, बुलढाणा, नागपूरच्या लोकांनी पाहिला. मोबाइल वर झाले. एसटीला जिथे सबंध दिवस लागतो ते अंतर त्याने दोनेक मिनिटांत कापले. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले, कोणाला शत्रूचे क्षेपणास्त्र वाटले, आणि अर्थातच कोणाला उडती तबकडी. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत त्या वेळी सणाच्या पंगतीची तयारी चालली होती. तेवढ्यात लालभडक काहीतरी खाली येताना दिसले, मोठा आवाज झाला आणि गावातल्या मोकळ्या जागेत एक लोखंडी वाटावे असे अवाढव्य कडे येऊन पडले. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. कोणालाही लागले नाही. जवळच्या पवनपारला धातूचा एक गोळा मिळाला आणि मग आसपासच्या शिवारांतून आणखी गोळे निघू लागले.

इथे एक स्थानिक अडचण लक्षात घ्यायला हवी. चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे बंदी उठून वर्षही झाले नव्हते, त्यात सणाची रात्र. "आभाळातून पेटतं चाक पडलं" असे शेजारच्या तालुक्यात फोन करून सांगणाऱ्याला पहिला प्रश्न काय विचारला गेला असेल, ते मी सांगायला नको. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे तिथला साक्षीदार कायद्याने शुद्धीवर असतो. पण नेमके चाक पडले ते सीमेच्या अलीकडे.

तरी लाडबोरीने जे केले ते पाहण्यासारखे आहे. परग्रहवासी उतरला की माणसाने थिजावे, झोतात शिरावे, तास हरवून बसावे, अशी जगाची रीत. इथे लोक आधी थोडे मागे सरले, मग पुढे झाले, कडे गार झाल्यावर त्याच्याभोवती उभे राहिले, फोटो काढले आणि पोलिसांना कळवले. पोलिसांनी कडे उचलून सिंदेवाहीच्या ठाण्यात आणून ठेवले. गोळेही तिथेच आले. जगभर आकाशातले लोक माणसांना उचलून नेतात, टेबलावर ठेवतात आणि मोजमाप घेतात; आमच्या तालुक्याने आकाशातल्या वस्तूला उचलून नेले, ठाण्यात ठेवले आणि मोजमाप घेतले. पळवापळवीच्या इतिहासात हा प्रकार उलटा झाला आणि त्याची कोणी म्हणावी तशी दखल घेतली नाही.

ते होते काय, हे त्याच रात्री बरेचसे कळले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंची नोंद ठेवणारे हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या 'चांग झेंग ३ बी' या चिनी अग्निबाणाचा एक टप्पा त्याच तासाभरात खाली यायचा होता आणि त्याची वाट नेमकी जुळते आहे. उपग्रह वर सोडून झाल्यावर तो रिकामा टप्पा वर्षभर फिरत होता, फिरता फिरता हवेच्या घर्षणाने खाली सरकत होता. असा सांगाडा वातावरणात शिरला की बराचसा जळतो. पण इंधनावर दाब ठेवणाऱ्या वायूच्या टाक्या गोल असतात, पोकळ असतात, चिवट धातूच्या आणि धाग्यांनी गुंडाळलेल्या असतात. त्या तगतात आणि गोळे होऊन शेतात पडतात. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले.

तर कडे चीनचे ठरले. आता १९६८ चा एक आंतरराष्ट्रीय करार असे सांगतो की दुसऱ्या देशाची अंतराळातली वस्तू आपल्या हद्दीत पडली आणि मालकाने मागितली तर ती परत करायची. १९७२ चा दुसरा करार सांगतो की पडल्यामुळे नुकसान झाले तर मालक देशाने भरून द्यायचे. शेजाऱ्याची गाय आपल्या धानात शिरली तर ती कोंडवाड्यात घालतात आणि मालक दंड भरून सोडवून नेतो, त्याहून हा कायदा फारसा निराळा नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅबचे तुकडे ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावाजवळ पडले, तेव्हा तिथल्या नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड ठोठावला होता. सिंदेवाहीने एवढे केले नाही. पण करायला हरकत नव्हती.

आकाशाकडे असे बरोबरीने पाहण्याची सवय इथली जुनी असावी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंडांचे खगोलज्ञान नोंदवून ठेवले आहे. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्यांतले चौकोनातले चार तारे गोंडांच्या आकाशात एका म्हातारीची खाट आहेत आणि मागचे तीन तारे ती खाट पळवायला टपलेले चोर. मला ही कल्पना न्यू हॅम्पशायरपेक्षा कितीतरी सरस वाटते. आकाशात चोर आहेत, हे मान्य. पण ते माणूस कशाला नेतील? माणसाचा काय उपयोग? नेतील तर खाट नेतील. आणि म्हातारी जागी आहे. इतक्या हजार वर्षांत त्या तिघांना ती खाट काही उचलता आलेली नाही.

राजकुमार हिराणी आमच्याच विदर्भाचे, नागपूरचे. त्यांच्या २०१४ च्या 'पीके' चित्रपटात परग्रहवासी भारतात उतरतो आणि पहिल्याच भेटीत इथला माणूस त्याच्या गळ्यातला यंत्राचा तुकडा हिसकावून पळतो. प्रेक्षक हसले, कारण त्यांना ते पटले.

आकाशातल्या पाहुण्यांचा खरा, धीराचा शोध मराठी माणसाने घेतला तो जयंत नारळीकरांनी. विज्ञानकथांत त्यांनी परग्रहवासी रंगवले. प्रयोगशाळेत मात्र फुग्यावर विसंबले. २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा बाटल्यांत भरून आणली आणि तिच्यात जिवंत पेशी सापडल्या. २००५ च्या फुग्याने आणलेल्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या; त्यांना फ्रेड हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे मिळाली. हे जिवाणू बाहेरून आले की पृथ्वीवरूनच वर गेले, हे ठरवता येत नाही, असे इस्रोने सरळ लिहून टाकले. टेबलावर निजवून सुई टोचणाऱ्या परग्रहवासीयापेक्षा बाटलीत बसलेला हा संशयित कमी रंगतदार आहे. पण त्याच्याबद्दल जे माहीत नाही ते माहीत नाही असे म्हणण्याची सोय तरी आहे.

म्हणून अनुशेषाबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतो. ज्या प्रदेशाला जे भय असते, तसाच चोर तो घडवतो. एकाकी महामार्गावर राहणाऱ्याला तबकडी भेटते, वाट नसलेल्या जंगलात राहणाऱ्याला चकवा, आणि ज्याच्या बांधावर रोज पंजाचा ठसा उमटतो त्याला वरून आणखी कोणी यायची गरजच पडत नाही. उद्या तुमच्या ओळखीतला कोणी म्हणाला की काल रात्री मला आकाशातले लोक घेऊन गेले होते, तर त्याला हसू नका आणि संमोहन करणाऱ्याकडेही नेऊ नका. चहा द्या, किती दिवसांची झोप राहिली आहे ते विचारा, आणि त्याचे सगळे ऐकून घ्या. इतक्या दुरून कोणी यावे असे ज्याला वाटते, त्याच्याकडे जवळचे बरेच दिवस कोणी आलेले नसते. आणि तुमच्या शिवारात आभाळातून कधी कडे किंवा गोळा पडलाच, तर त्याला हात लावू नका, लेकरांना दूर ठेवा, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. पोलीस पाटलाला कळवा. पंचनामा ते करतील. सिंदेवाहीच्या ठाण्याला आता त्याचा अनुभव आहे.